हिएनचा फोटो कुठे ठेवायचा

लुआनने हिएनची डावी वेणी तिसऱ्यांदा कापायला घेतली.

माउसचा बाण तिच्या कानामागून खाली उतरायचा, खांद्यावरून वळायचा आणि वेणीच्या टोकाशी, जिथे रिबिनीचे दोन फाटे सुटले होते, तिथे येऊन हमखास घसरायचा. घसरला की मागच्या नदीचा एक तुकडा केसांबरोबर कापला जाई, आणि फोटो हलता केला की तो तुकडा पांढऱ्या डागासारखा तिच्या खांद्याला चिकटून पुढे येई. लुआनने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि सगळं रद्द करून पुन्हा कानापासून सुरुवात केली.

"त्या पोरीची वेणीफणी झाली का?" स्वयंपाकघरातून लिएनचा आवाज आला. "सकाळपासून बसलाय. माझी तर चाळीस वर्षांत एकदाही घातली नाहीत."

"तुझे केस आखूड होते."

"आखूड नव्हते. तुम्ही बघितले नाहीत."

बायकोच्या बोलण्यात राग नव्हता. तिने बर्फ घातलेल्या कॉफीचा पेला आणून टेबलावर ठेवला, पडद्याकडे एकदा बघितलं आणि परत गेली. लुआनने पेल्याला हात लावला नाही.

हे काम त्याच्या गळ्यात पडलं ते त्याच्या हातामुळे. सा देक गावच्या शाळेची बारावीची बॅच पंचेचाळीस वर्षांनी एकत्र जमणार होती, आणि सगळी सूत्रं अर्थातच चाऊच्या हातात होती. चाऊ वर्गात असताना मॉनिटर होती. आता ती तांदळाच्या शेवयांचा कारखाना चालवत होती, पण तिच्या लेखी फारसा फरक पडलेला नव्हता. तिने ग्रुपवर जाहीर करून टाकलं, "व्हिडिओ लुआन करेल. जन्मभर सरकारी नकाशे काढलेत, हात स्थिर आहे." लुआनची सून त्रांग लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायची. तिने आपला जुना कॉम्प्युटर सासऱ्याला दिला आणि महिनाभर रोज दुपारी शेजारी बसून शिकवलं. फोटोतलं माणूस कडेकडेने कापायचं. त्याचा एक थर करायचा, मागच्या दृश्याचा दुसरा. मग माणूस हळूहळू पुढे सरकवायचं आणि मागचं सगळं किंचित मागे न्यायचं. एवढ्याने सपाट फोटोत खोली येते, आणि माणूस आता श्वास घेईल असं वाटायला लागतं.

"आणि माणूस काढलं की मागे भोक पडतं ना?" लुआनने विचारलं होतं.

"ते आपोआप बुजतं, बाबा. आजूबाजूला जे असेल ते भरतं."

नदीकाठी काढलेल्या वर्गाच्या फोटोत बहुतेकांच्या मागे शाळेची भिंत होती, नाहीतर चिंचेचं झाड. हिएन त्या फोटोत रांगेच्या अगदी टोकाला, घाटाच्या कडेला उभी होती. पहिल्यांदा तिला कापून बाजूला काढलं तेव्हा क्षणभर तिथे पांढरं भोक दिसलं, आणि मग ते चारी बाजूंनी पाण्याने भरून आलं. लुआन खुर्चीतून उठला, चप्पल घातली आणि बाजारात निघून गेला. काय आणायला आलो हे त्याला तिथे पोचल्यावर आठवेना.

व्हिडिओचे तीन भाग चाऊने ठरवून दिले होते. पहिला शाळेचा. दुसऱ्यात बत्तीस हयात माणसं: जुना फोटो पुढे येतो, विरघळतो आणि त्यातून आजचं माणूस उमटतं, टक्कल, सुटलेलं पोट, नातवंड, जे असेल त्यासकट. तिसऱ्यात गेलेले आठ: रंग उतरत जातो, खालून उदबत्तीचा धूर चढतो, नाव येतं आणि त्याखाली दोन सालं. बत्तीस आणि आठ मिळून चाळीस. वर्ग एकेचाळीसचा होता.

हिएन दुसऱ्या भागात बसेना, कारण तिचा आजचा फोटो नव्हता. तिसऱ्यात टाकली की नावाखाली '१९६१' उमटे, पुढे एक छोटी रेघ येई, आणि रेघेपुढे काहीच नसे. लुआन तिला टाइमलाइनवर उचलून इकडून तिकडे नेई आणि तिकडून इकडे आणी. कधी सकाळी हयातांत ठेवलेली हिएन जेवणाआधी गेलेल्यांत जाई आणि चहाच्या वेळी परत येई.

एकदा त्रांगने हे बघितलं. तिला सासऱ्याची कीव आली असावी. तिने फोनवर हिएनचा चेहरा घेतला, दोन-चार ठिकाणी बोट टेकवलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"हे बघा बाबा. आज त्रेसष्टच्या असत्या तर अशा दिसल्या असत्या. हा शेवटी जोडून टाकू."

पडद्यावर एक गुळगुळीत म्हातारी हसत होती. डोळ्यांच्या कडांना बेताच्या सुरकुत्या, कानांशी रुपेरी बटा. लुआनने फोन उलटा करून टेबलावर आपटला.

"पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता!"

सून बावरली. तिच्यावर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. "पुसते," ती म्हणाली, आणि फोन उचलून खोलीबाहेर गेली.

मग ग्रुपवर वाद पेटला. चाऊने विचारलं, व्हिडिओ कुठवर आला. लुआनने लिहिलं, सगळा झालाय, फक्त हिएनचं ठरत नाही. तासाभरात साठ संदेश आले. ऑस्ट्रेलियातल्या एकाने लिहिलं, कुणी प्रेत बघितलंय का, मग गेली म्हणून कशी दाखवता? दुसऱ्याने लिहिलं, असती तर एक पत्र आलं नसतं का? कुणीतरी लिहिलं, तिला गाळूनच टाका, दिवस आनंदाचा आहे. त्यावर चौघीजणी त्याच्यावर तुटून पडल्या. शेवटी चाऊने फोनच केला.

"लेका, तीन आठवडे राहिलेत. सभागृहाचा मोठा पडदा ठरवलाय मी. एका फोटोसाठी अडून बसलायस?"

"तू सांग कुठे टाकू."

"मला विचारशील तर गेलेल्यांत टाक आणि मोकळा हो. त्रेचाळीस वर्षं झाली."

"दुसरं साल काय लिहू?"

पलीकडून कारखान्यातल्या यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"तिच्या आईला विचार मग," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "साउमावशी आहे अजून. तिथेच, बेटावर."

"तू विचार ना. तुम्ही दोघी एका बाकावर बसायचात."

"फोटो माझ्याकडे आहे का तुझ्याकडे? आणि मी दर नव्या वर्षाला जाते तिच्याकडे. तू कधी गेलायस? एकदा तरी?"

लुआनने फोन ठेवला.

तो पुढचे चार दिवस गेला नाही. त्याने कुंडीतली झेंडूची रोपं हलवली, परत होती तिथे लावली. मोटारसायकल धुतली. एकदा धक्क्यापर्यंत जाऊन आला आणि लिएनला सांगितलं, बोट चुकली. पाचव्या दिवशी लिएननेच टॅबलेट पिशवीत घातला, वर एका फडक्यात बांधलेली आंबवलेल्या मांसाची चार पुडकी ठेवली आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"मोकळ्या हाताने जाऊ नका," ती म्हणाली. "आणि या वेळी बोट चुकवू नका."

फेरीबोट लहान होती. सहा मोटारसायकली, एक भाजीवाली, शाळेतून परतणाऱ्या दोन मुली. नदी पुराच्या आधीची, गढूळ आणि जड होती. लुआन कठड्याला धरून उभा राहिला आणि पाण्याकडे न बघता समोरच्या काठाकडे बघत राहिला.

एकोणीस-वीस वर्षांचा असताना तो जलमार्ग कार्यालयात उमेदवार आरेखक म्हणून लागला होता. एका दुपारी हिएन तिथे आली, जिन्यात उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, मामाची बोट आहे, समुद्राला जायचंय, नदीच्या मुखाचा नकाशा हवाय. युद्धानंतरच्या त्या वर्षांत असं देश सोडून निघून जाणं गुन्हा होता, आणि नकाशा देणं त्याहून मोठा. लुआनने तिला काहीच विचारलं नाही. पुढचे आठ दिवस सगळे जेवायला गेले की तो थांबायचा आणि पातळ कागदावर तो नकाशा उतरवून घ्यायचा. वाळूचे पट्टे, त्यांच्यामधून जाणारी खोल पाण्याची वाट, जागोजागी खोलीचे आकडे. शेवटच्या दिवशी त्याने तो कागद गुंडाळून तिला दिला. ती फक्त "बरं" म्हणाली.

बोटीत चव्वेचाळीस माणसं होती असं मागाहून कळलं. एकाचीही बातमी आली नाही. काही महिन्यांनी एका कोळ्याने सांगितलं की मुखाशी वाळूवर रुतून लाटांनी फुटलेल्या एका बोटीच्या फळ्या त्याने बघितल्या होत्या. कुणाच्या ते त्याला माहीत नव्हतं. तोपर्यंत लुआनच्या एक गोष्ट लक्षात आली होती. त्याने उतरवलेला नकाशा चार वर्षांपूर्वीच्या मोजणीचा होता. पुराच्या एका हंगामात वाळू जागा बदलते, आणि मधे चार पूर येऊन गेले होते. नकाशाच्या कोपऱ्यात साल होतं. ते त्याने उतरवलं नव्हतं, आणि हिएनला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी नवी मोजणी झाली, तिच्या कामात तो स्वतः होता. जुना नकाशा आणि नवा नकाशा एकाच खणात होते. एकावर एक ठेवून उजेडात धरले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं, वाट सरकली होती की नाही. त्याने ते केलं नाही. वर्षाच्या आत त्याने अर्ज करून रस्त्यांच्या खात्यात बदली घेतली. ते कार्यालयही पुढे पाडलं, आणि कागद कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं.

यातलं त्याने लिएनलाही कधी सांगितलं नव्हतं.

साउमावशी ओट्यावर चटईवर बसली होती. मांडीशी ओल्या कमळबियांची टोपली; एकेक बी घेऊन ती दातकोरणीने टोचायची आणि आतला हिरवा कोंभ दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलायची. बिया एका परातीत, कडू कोंभ दुसऱ्या वाटीत. वय अठ्ठ्याऐंशी, पण बोटं भराभरा चालत होती. लुआनने वाकून नमस्कार केला आणि नाव सांगितलं. तिने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं.

"आरेखक," ती म्हणाली. "बस. पुडकी आत ठेव, मांजर आहे."

आत देव्हाऱ्यापाशी तिच्या नवऱ्याचा फोटो होता, सासू-सासऱ्यांचे होते. पुढे केळी, पाण्याची वाटी, विझलेल्या उदबत्त्या. हिएनचा फोटो नव्हता. लुआन बाहेर येऊन तिच्यासमोर बसला. यंत्राने करून दाखवलेल्या त्या म्हातारीचा आणि या चेहऱ्याचा काडीचा संबंध नव्हता. याला एका गालावर भाजल्याचा डाग होता, खालचा ओठ आत वळला होता आणि डावी भुवई उजवीपेक्षा वर होती.

त्याने कशासाठी आलो ते सांगितलं. सांगताना तो दोनदा अडखळला. मावशी बिया टोचत राहिली.

"दाखव," ती म्हणाली.

त्याने टॅबलेट तिच्यासमोर धरला. घाटावरचा फोटो आला. मुलं-मुली एकेक करून पुढे सरकली, मागे गेली. मग हिएन आली, दोन वेण्यांची, उन्हामुळे डोळे बारीक केलेली. ती नदीपासून सुटून हळूहळू पुढे आली, इतकी की वाटावं आता ओट्यावर पाय ठेवेल.

मावशीचा हात थांबला.

"परत दाखव."

त्याने परत दाखवला. तिसऱ्यांदा दाखवला. तिसऱ्या वेळी तिने बोट पडद्यावर टेकवलं, तेही हिएनवर नाही, तिच्या शेजारच्या मुलावर.

"हा कोण?"

"मी, मावशी."

"केस होते की तुला!" ती हसली, आणि हसताहसता तिला खोकला आला. लुआनने पाण्याचा पेला पुढे केला. तिने घोट घेतला, पेला खाली ठेवला. "झोपत नाहीस ना? डोळ्यांवरून दिसतं. जाताना हे कोंभ घेऊन जा. वाळवून गरम पाण्यात घाल. कडू लागतात, पण झोप लागते."

लुआनला वाटलं, आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

"मावशी, तो नकाशा मी काढून दिला होता."

"माहीत आहे."

"हिएनने सांगितलं?"

"दाखवला. या इथे, याच चटईवर पसरून." तिने एक बी उचलली आणि न टोचता हातात धरून ठेवली. "सुरेख काढला होतास. तिच्या मामाने बघितला आणि गुंडाळून परत दिला. उत माझा धाकटा भाऊ. म्हणाला, मी या नदीत जन्मलो, मला वाट दाखवायला ऑफिसातल्या पोराचा कागद नको. चुलीत घाल. हिएन रडली. म्हणाली, आई, तू सांग त्याला."

"मग?"

"मी म्हटलं, मामा मोठा आहे, त्याचं ऐक."

लुआनला नीट कळायला वेळ लागला. "म्हणजे नकाशा त्यांनी नेला नाही?"

मावशी उठली. गुडघ्यावर हात टेकून, भिंतीचा आधार घेत आत गेली. खाट सरकवल्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात बांबूची एक नळी होती, तोंडाशी चिंधीचा बोळा. तिने बोळा काढून नळी चटईवर आपटली. आतून तपकिरी पडलेली गुंडाळी निघाली.

लुआनने ती उलगडली. कडा कुरकुरीत झाल्या होत्या, पण रेघ न् रेघ शाबूत होती. सातच्या आकड्याला कमरेत आडवी रेघ द्यायची त्याची सवय, ती या कागदावर जागोजागी होती. हा कागद चव्वेचाळीस माणसांबरोबर गेला नव्हता. तो या घरात होता, खाटेखाली, फेरीबोटीने वीस मिनिटांवर. लुआनच्या छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. आता हलकं वाटेल म्हणून तो थांबला. वाटलं नाही.

"चुलीत घालवला नाही माझ्याच्याने," मावशी म्हणाली. "तेव्हा पोलीस यायचे, घर उलटंपालटं करायचे. तरी नाही घातला. उत माझ्या शब्दाबाहेर नव्हता रे. मी नुसतं 'घेऊन जा' म्हटलं असतं तर त्याने मुकाट्याने नेला असता. लहानपणापासून माझं एक मोडलं नव्हतं त्याने." ती कागदाकडे बघत होती. "मला वाचता येत नाही यातलं. कुणाला दाखवायची सोय नव्हती. तू कधीतरी येशील वाटलं होतं."

लुआनने मान खाली घातली.

"आता सांग," ती म्हणाली. "हा बरोबर होता का?"

ओट्याखालून एक कोंबडी पिलांना घेऊन गेली. नदीवरून वाळूने भरलेला पडाव चालला होता, त्याच्या इंजिनाचा ठोका दोन्ही काठांवर आपटत होता. लुआनने कागद गुडघ्यांवर सरळ केला आणि मुखाजवळ बोट टेकवलं. 

"नाही मावशी. चुकीचा होता."

ती बघत राहिली.

"हे बघा, इथे. ही खोल वाट दाखवलीय ना, दोन पट्ट्यांच्या मधून? ही चार वर्षांपूर्वीची मोजणी होती. वाळू सरकून इथे आली होती. या वाटेने गेले असते तर इथेच रुतले असते. मामांनी नेला नाही ते योग्य केलं."

"नक्की?"

"पुढच्या वर्षी नवी मोजणी झाली. मीच होतो त्या कामावर."

"मग तुला तेव्हा का नाही कळलं?"

"नाही कळलं," लुआन म्हणाला. "चूक माझी. सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

मावशीने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिची वर गेलेली भुवई हळूहळू खाली आली. मग तिने कागद त्याच्या गुडघ्यांवरून उचलला, जुन्या वळकटीप्रमाणे गुंडाळला, आणि शेजारच्या मातीच्या शेगडीवर चहाचं भांडं होतं ते फडक्याने वर उचलून गुंडाळी निखाऱ्यांत सारली. लुआन अर्धवट उठला आणि परत बसला. वाळलेला कागद भपकन पेटला. तिने भांडं परत ठेवलं.

"उत म्हणालाच होता, चुलीत घाल," ती म्हणाली.

पाणी उकळलं. मावशीने दोन कपांत चहा ओतला, त्याचा कप त्याच्याकडे सरकवला.

"बाकीच्या आठ जणांची दोन-दोन सालं लिहिलीत ना तू?"

"हो."

"हिचं?"

"एकच आहे. दुसरं रिकामं आहे."

"रिकामं नको. एवढ्या माणसांसमोर बरं दिसत नाही." तिने चहात फुंकर घातली. "एक्क्याऐंशी लिही."

लुआनने मान हलवली. 

"लोक मला म्हणायचे, गेलेल्याचा दिवस करायला हवा. तारीख माहीत नसेल तर निघाले तो दिवस धर. पण त्या दिवशी ती इथे होती. मी तिला भात वाढला, तिने दोनदा घेतला. त्या दिवशी तिचं पान कसं मांडू मी?" तिने कप खाली ठेवला. "तुमचा कार्यक्रम कधी आहे?"

"महिन्याच्या तिसऱ्या रविवारी."

"तिथी बघ."

भिंतीवर रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर होतं. लुआनने पानं उचलून तो रविवार काढला. "सहाव्या महिन्याची सोळावी."

"सोळावी." मावशी स्वतःशीच हिशेब करत होती. "बरं आहे. पौर्णिमेचा शाकाहार होऊन गेलेला असेल, मासा करता येईल. तिला आंबट रस्सा आवडायचा. तुमचं सकाळी आटपेल ना? मग दुपारी जेवायला सगळे इकडे या. चाऊला सांग, शेवया तिने आणायच्या." ती उठली, भिंतीशी आली, लुआनच्या हातातून ते पान घेतलं आणि त्याचा कोपरा नखाने घट्ट दुमडला. "किती जण असाल?"

"सत्तावीस-अठ्ठावीस."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि धक्क्याकडे बघू लागली. तिकडे फेरीबोट माणसं घेत होती.

"सगळे एका बोटीत बसू नका," ती म्हणाली. "दोन फेऱ्यांत या."